सासूला कुणी घासलं?

किल्ली खुंटीवर नव्हती.

डेल्फिना आर्मिहोनं आधी खुंटीकडं पाहिलं, मग खुंटीखालच्या फरशीकडं, मग उगाचच छताकडं. दुपारी जेवण उरकून समिती येणार होती. यंत्र ठेवायचं की भंगारात काढून त्या जागी संगणकांची कपाटं लावायची, हे ती समिती ठरवणार होती. आणि नेमकी आज ती एक पितळी किल्ली गायब.

"कोंपाद्रे! किल्ली कुठं हाय?"

"माझ्या बोडक्यावर!" पिंजऱ्यामागून बेनी सिस्नेरोसचा आवाज आला. "मला काय इचारतीस? शुक्रवारी तूच लटकावलीस की."

बेनी यंत्राचा कारागीर. दोघंही आल्बुकर्कीजवळच्या बेलेन गावचे, एकाच पाटाच्या पाण्यावर वाढलेले. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिला तो बेनीच. तेव्हापासून तो कोंपाद्रे आणि ती कोमाद्रे. प्रयोगशाळेत दुसरं कुणी असलं की दोघं नीट बोलायचे. नसलं की बेलेनचं बोलायचे.

"लटकावली हुती म्हणूनच म्हणते. मग कुणी खाल्ली?"

किल्लीचा नियम साधा होता. यंत्राभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्यात जो शिरेल, त्यानं ती खुंटीवरून काढून स्वतःच्या खिशात घालायची आणि बाहेर आल्यावर परत लावायची. किल्ली कुणाच्या खिशात असेपर्यंत यंत्रात वीज भरताच येत नाही. या नियमामुळं इतक्या वर्षांत कुणी मेलं नव्हतं. त्याच नियमामुळं आज यंत्र मुकं होऊन बसलं होतं.

यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. ते फक्त प्रस्तावांवर यायचं. एरवी त्याला सगळे ‘ला सुएग्रा’ म्हणायचे, म्हणजे सासू. नाव बेनीनंच ठेवलेलं, कारण यंत्र बोलायच्या आधीच कडाडायचं. वीज भरत आणावी, कॅमेरे सज्ज होताहेत तोवर स्वतःच्याच मनानं धाडकन सुटून मोकळं. डेल्फिनाच्या खऱ्या सासूला, दोन्या प्रुदेन्सियाला, हे कळलं तेव्हा म्हातारी हट्टानं बघायला आली. कानांवर हात ठेवून तिनं एक बार ऐकला आणि म्हणाली, "एवढाच आवाज? उगाच माझी बदनामी करता."

पुढची बारा-पंधरा वर्षं घालवून डेल्फिनानं त्या सासूला वळण लावलं होतं.

विजेचा हा नाद तिला शाळेत लागला नव्हता. वडिलांचं अल्फाल्फाच्या चाऱ्याचं शेत होतं, चार बकऱ्या होत्या आणि बकऱ्यांसाठी विजेचं कुंपण. कुंपणाच्या तारेला जोडलेला डबा दिवसभर टक्... टक्... करायचा. थोडी थोडी वीज साठवायची आणि एकदम सोडायची, एवढंच त्याचं काम. ही पोरगी गवताची काडी तारेला लावून बघायची. आधी लांब काडी, मग आखूड, मग त्याहून आखूड. वडील वैतागून म्हणायचे, "बकऱ्यास्नी एकदा झटका बसला की कळतं. तुला कळंना व्हय गं?"

"वीज थोडीच हाय, पप्पा. पण एकदम येतीया!"

पुढचा सगळा जन्म तिनं त्या ‘एकदम’मध्ये घातला. विद्युत अभियांत्रिकी शिकली, डॉक्टरेट केली. नोकरीच्या पहिल्या दिवशी गटप्रमुखानं तिला टंकलेखिका समजून तिच्या हातात कॉफीचं भांडं दिलं. तिनं कप भरला, त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "एवढी कॉफी गरम करायला जेवढी वीज लागते, तेवढीच तुमच्या या यंत्रात साठते. चूल ती पाच मिनिटांत देते. यंत्र पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या लाखाव्या हिश्शात देतं. इथं मी ते करायला आले आहे. उद्यापासून कॉफी तुमची तुम्ही घ्या."

गटप्रमुख बदलले, इमारती बदलल्या, वॉशिंग्टनमधल्या लोकांची मनं तर आल्बुकर्कीच्या वाऱ्यासारखी फिरत राहिली. आधी त्यांना बॉम्बसाठी यंत्र हवं होतं. मग बॉम्बची फॅशन गेली आणि सांडपाणी शुद्ध करायचं निघालं. त्यानंतर संत्र्याचा रस न तापवता कसा टिकेल ते. आता सगळ्यांना पृथ्वीवर छोटा सूर्य पेटवायचा होता. डेल्फिना दर वेळी प्रस्तावाचं पहिलं पान बदलायची. मागं यंत्र तेच, ती तीच, बेनी तोच आणि त्याच्या शिव्याही त्याच.

आज दाखवायचं होतं ते मात्र तिच्या खास जिव्हाळ्याचं होतं. केसाहून बारीक आठ तारा ती चिमट्यानं, श्वास रोखून, गोलात उभ्या बांधायची. सासू त्यांच्यातून वीज सोडायची. तारा वितळत नसत, थेट वायू होऊन पेटत. त्या पेटलेल्या वायूला, प्लाझ्माला, त्याचाच प्रवाह चिरडून मधोमध आणायचा. कॅमेऱ्यात तेवढ्यात एक उभी झगझगीत रेघ उमटायची. रेघ सरळ आली तर काम जमलं. पण यंत्र सांगितल्या क्षणाला सुटायला हवं. आधी सुटलं तर कॅमेरा झोपलेला आणि तारा गेलेल्या.

"कपाटामागं बघितलंस का?"

"कोमाद्रे, मी कपाटाच्या आत, मागं, वर आन् खाली बघितलंय. आता कपाटाला कबुलीजबाब द्यायला पाद्री आणू का?"

तेवढ्यात दार ढकलून केंड्रिक ऑसगुड आत आला. हातात बिस्कोचितोस बिस्किटांचा पांढरा खोका, चेहऱ्यावर वाढदिवसाच्या पोराचं हसू. केंड्रिक मिनेसोटाचा. यंत्रात काय घडतं ते संगणकावर हुबेहूब उभं करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. सहा महिन्यांत पिंजऱ्यात मात्र तो दोनदाच गेला होता, तेही हात पाठीमागं बांधून, वस्तुसंग्रहालयात गेल्यासारखा.

"गुड मॉर्निंग, डॉक्टर आर्मिहो! तुम्ही हे शोधताय का?" त्यानं खिशातून लाल फितीची किल्ली काढली. "सॉरी हं. काल घरी जाऊन पँट बदलली तेव्हा लक्षात आलं."

डेल्फिनानं किल्लीकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. "काल रविवार होता."

"हो."

"रविवारी तू पिंजऱ्यात होतास?"

"नियम सगळे पाळले! किल्ली खिशात, वीज उतरवायचा आकडा लटकवला, सगळं." केंड्रिकचं हसू आणखी रुंद झालं. "तुमच्यासाठी सरप्राइज होतं."

बेनीनं हातातला पाना हळूच खाली ठेवला. सरप्राइज हा शब्द त्या दालनात चांगल्या गोष्टीसाठी कधीच वापरला गेला नव्हता.

डेल्फिना किल्ली घेऊन आत गेली. आधी लांब दांड्याचा पितळी आकडा उचलून वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांच्या रांगेवर टेकवला, म्हणजे चुकून राहिलेली वीज जमिनीत जावी. घाई असो, राग असो, तिच्या हाताला ते सवयीनं जमायचं. मग ती वळली आणि तिला काहीतरी चमकलेलं दिसलं.

यंत्राचे स्विच म्हणजे पारदर्शक नळीत समोरासमोर ठेवलेले धातूचे गोळे. गोळ्यांमधल्या फटीतून एकदम ठिणग्या उडाल्या, की साठलेली सगळी वीज एकत्र धावते. तिचे गोळे कसे होते? काळपट, खडबडीत, जुन्या तव्याच्या बुडासारखे. शेकडो बार खाऊन तसे झालेले. आणि आता? आता त्यांत तिला स्वतःचं तोंड दिसत होतं. दोन्ही रांगांत, प्रत्येक गोळ्यात एक, वीसेक छोट्या डेल्फिना, सगळ्यांचे जबडे उघडे.

"कोंपाद्रे," ती म्हणाली, "हिकडं ये. सासूला कुणीतरी घासलंय."

बेनी आला, बघितलं, डोक्यावरची टोपी काढली. घरात कुणी वारलं की काढतात तशी.

"तीन प्रकारच्या पेस्ट वापरल्या," केंड्रिक बाहेरून सांगत होता. "शेवटची हिऱ्याच्या पुडीची. माझ्या गणितात स्पष्ट येतं ना, खड्ड्यांच्या टोकाशी विजेचा ताण वाढतो. टोक म्हणजे दुबळी जागा. म्हटलं आज समिती येणार, निदान दुबळ्या जागा तरी राहू नयेत."

"तुझ्या गणितात हे गोळे किती वर्षांचे आहेत?" डेल्फिनानं विचारलं.

"वर्षांचे? गणितात वय नसतं."

"तेच!" ती किंचाळलीच. "तेच तर! नव्या गोळ्यावर न दिसणारे ओरखडे असतात, तुझ्या पेस्टचे कण असतात. ठिणगी वाटेल तिथून, वाटेल तेव्हा उडते. शेकडो बार झाले की सगळा पृष्ठभाग सारखा भाजतो, मग कुठं ठिणगी शहाण्यासारखी वेळेवर येते. ते खड्डे नव्हते, पोरा. ते शिक्षण होतं. तू एका रविवारात माझी सासू परत नवरी केलीस!"

केंड्रिकचा चेहरा खोक्यासारखा पांढरा पडला. "मग आता?"

"आता पुन्हा शेकडो बार. दुसरा इलाज नाही."

"पण समिती दुपारी..."

"मला ठाऊक आहे समिती दुपारी!"

त्यांनी लगेच सुरुवात केली. तारांच्या जागी वीज नुसती जिरवणारा साधा भार जोडला, भोंगा वाजवला, बेनी ‘मोकळं!’ म्हणून ओरडला आणि हळूहळू वीज भरू लागली. काट्यानं निम्मा रस्ताही गाठला नव्हता तोच धाड! पुन्हा भरली. या वेळी काटा पार वरपर्यंत गेला, मग धाड. तिसऱ्यांदा पार खालीच धाड. काही ताळमेळच नाही. डेल्फिना प्रत्येक बाराला दातओठ खायची. केंड्रिक प्रत्येक बाराला आकडा टिपून घ्यायचा. तो तेवढाच गप्प बसायचा मार्ग होता.

"येक काम करूया," बेनी तिच्या कानाशी आला. "निम्मी वीज भरू. साधा भार राहू दे. मोठ्ठा आवाज काढू आन् मागच्या महिन्याची रेघ पडद्यावर दाखवू. त्यास्नी काय कळतंय? सकाळभर फुग्यांकडं बघून मानच दुखत असंल त्यांची."

समिती दर वेळी ऑक्टोबरातच यायची. ऑक्टोबरात आल्बुकर्कीचं आभाळ गरम हवेच्या फुग्यांनी भरलेलं असतं आणि वॉशिंग्टनला देशकार्याची आठवण होते, यात तिला कधी योगायोग दिसला नव्हता.

डेल्फिनाला मोह झालाच नाही असं नाही. सासू भंगारात गेली तर तिची सगळी वर्षं तांब्याच्या भावानं विकली जाणार होती. पण मागच्या महिन्याची रेघ आजची म्हणून दाखवायची? वडिलांसमोर काडी तारेला न लावताच ‘बसला, बसला’ म्हणून नाचल्यासारखं होतं ते.

"न्हाई," ती म्हणाली. "जे हाय ते दिसू दे. सासूनं चिडायचं तर खरंखुरं चिडावं."

"माझ्याकडे गणिताचा व्हिडिओ आहे," केंड्रिक हळूच म्हणाला. "त्यात रेघ अगदी सरळ..."

"केंड्रिक."

"हो."

"बिस्कोचितो खा."

समिती आली. तिघं जण, तिघांच्या कोटावर फुग्याच्या पिना. प्रमुख होत्या डॉक्टर लोर्ना व्हिटकर, उंच, करड्या केसांच्या, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघणाऱ्या. संध्याकाळी मैदानावर फुगे आतून उजळतात, ते बघायचं होतं त्यांना.

"डॉक्टर आर्मिहो, बार किती वाजता?"

"माझ्या मनाने म्हणाल तर अर्ध्या तासात. हिच्या मनाने म्हणाल तर आत्ता, मग लगेच, मग तासाभराने," डेल्फिना म्हणाली. "स्विचचे गोळे काल घासले गेले आहेत. ते पुन्हा माणसाळेपर्यंत ही वाटेल तेव्हा सुटणार. कानांवर हे लावा आणि बसा."

"घासले? कुणी?"

डेल्फिनानं तोंड उघडलं. पण तिच्या आधी केंड्रिक उभा राहिला. "मी. मला वाटलं गुळगुळीत चांगलं असतं. माझ्या गणितात असतं."

मागं बेनीचं वीज भरणं चालूच होतं. केंड्रिकचं वाक्य संपतंय तोच सासू धाडकन सुटली. समितीतला एक जण खुर्चीतून अर्धा उठला.

मग बेनीनं जे केलं ते कुणाच्याच आराखड्यात नव्हतं. भिंतीवर त्याची जुनी पाटी होती. यंत्र बिघडलं असलं की काटा कुठं पोचल्यावर सासू कडाडेल याचा प्रत्येकानं अंदाज सांगायचा, तो खडूनं लिहायचा आणि सगळ्यांत लांब पडलेल्यानं हिरव्या मिरचीचे बरिटो आणायचे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्यानं खडू घेतला आणि सरळ प्रमुखबाईंपुढं धरला.

"तुम्ही सांगा, बाई. किती?"

"मी?" लोर्ना व्हिटकरनी काट्याकडं पाहिलं. "पन्नास."

"डॉक्टर ऑसगुड?"

"गणितानं नव्वद."

"कोमाद्रे?"

"मला विचारू नकोस, माझं डोकं फिरलंय. साठ."

सासू तिसावरच सुटली. सगळेच हरले. पुढच्या वेळी सत्तरावर. तासाभरानं समितीनं घड्याळ बघायचं सोडलं होतं. आता तिघं एकमेकांशी भांडत होते, "मागचे तीन बार बघा ना, वर सरकतेय ती!" पाटीवर आकडे जवळजवळ येत चालले. साठ, चौसष्ट, एकसष्ट, त्रेसष्ट. हरणाऱ्याचा अंदाजही आता फार चुकत नव्हता. कुणी काही न शिकवता त्यांना यंत्र कळत होतं. केंड्रिक टिपणं घ्यायचं सोडून पाटीसमोर उभा होता, आपल्याच घरात वाट चुकल्यासारखा.

"हे माझ्या गणितात नाहीच आहे," तो पुटपुटला. "गोळ्याला वय असतं हे."

"नाहीच आहे," डेल्फिना म्हणाली. "मी ते सहा महिने ओरडून सांगतेय. तुला वाटत होतं मला संगणक आवडत नाही."

"तुम्हाला आवडत नाहीच."

"नाही आवडत. पण ते वेगळं."

गोळे पुरते भाजले नव्हते, तरी उन्हं कलली तसे बार सत्तराच्या आसपास एका ओळीत पडू लागले. डेल्फिना उठली, पिंजऱ्यात गेली आणि चिमट्यानं आठ तारा बांधल्या. कुणी शिंकलंही नाही. बाहेर येऊन तिनं किल्ली लावली, भोंगा वाजवला. काटा चढत गेला. पन्नास. साठ. पासष्टावर तिनं बटण दाबलं.

सासू त्याच क्षणी कडाडली.

पडद्यावर रेघ उमटली. मधोमध किंचित कंबर वाकलेली, पण उभी, अखंड. लोर्ना व्हिटकरनी उठून रेघेवर बोट ठेवलं.

"वाकडी का आहे?"

"पाचवी तार मी घाईत बांधली," डेल्फिना चिडून म्हणाली. "तुमचे फुगे होते ना."

निकाल नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी आला. संचालकानं डेल्फिनाला बोलावून तोंडभरून हसत सांगितला. यंत्र राहणार. भंगार नाही, कपाटं नाहीत. त्या दुपारचे वर सरकत गेलेले आकडे समितीला फार आवडले होते. जुन्या होत जाणाऱ्या गोळ्यांचं गणित मांडायचा नवा प्रकल्प मंजूर झाला होता. यंत्र आता त्या गणिताची पडताळणी करणार.

"आणि प्रकल्पाचा प्रमुख?" तिनं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"केंड्रिक. पण समितीची अट आहे. तुम्ही निवृत्ती दोन वर्षं पुढं ढकलून त्याला पिंजऱ्यातलं सगळं शिकवायचं."

ती पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसली आणि दार लावून घेऊन बेलेनच्या भाषेत मनसोक्त ओरडली. ज्यानं सासूचं थोबाड चकाचक केलं, तोच सासूचा मालक! चूक करावी त्यानं, प्रमुख व्हावं त्यानं, आणि शिकवावं हिनं! मग तिला वाटलं, हात असलेलं माणूस सासूपाशी मागं राहावं, एवढंच तर हवं होतं. हात तर त्याला आहेत. एका रविवारात वीस गोळे आरशासारखे करणं सोपं नाही. नको तिथं चालले, एवढंच. तरी तिनं आणखी एकदा ओरडून घेतलं.

बेनीला सांगितलं तेव्हा तो हसून हसून खोकला. "म्हंजे कोमाद्रे, तुला जावई मिळाला!"

"तोंड बंद ठेव. आन् बरिटो आण, शेवटचा अंदाज तुझाच चुकला हुता."

तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी डेल्फिना दालनाच्या दारात आडवी उभी राहते. केंड्रिक पाठीला पिशवी अडकवून येतो. तो आता तारा बांधतो, न सांगता पितळी आकडा लटकवतो, काट्याकडं न बघता नुसत्या गुणगुणण्यावरून सासूचा मूड ओळखायला लागला आहे. याबद्दल डेल्फिनानं त्याला अजून एकदाही शाबासकी दिलेली नाही.

"खिसे," ती म्हणते.

"डॉक्टर आर्मिहो, किल्ली खुंटीवर आहे. मी स्वतः लावली."

"खिसे."

तो सुस्कारा टाकून खिसे उलटे करतो. गाडीची चावी, चुरगळलेली पावती, अर्धा बिस्कोचितो. गेल्या शुक्रवारी त्याच्या मागच्या खिशातून एक मऊ पिवळं फडकंही निघालं.

"हे काय?"

"चष्मा पुसायचं आहे."

डेल्फिनानं त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या चष्म्याकडं पाहिलं, मग पिंजऱ्यात पुन्हा काळ्या पडत चाललेल्या गोळ्यांकडं. फडकं तिनं घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

"चष्मा शर्टाला पूस," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.